आमच्या तळ्यातले न्यूट आणि भावना रामटेके

भावना रामटेके इथं अमेरिकेत, रेडमंडला सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची नोकरी करते आणि घरी आल्यावरही तिची ती खोड सुटत नाही. माझ्या पोळ्या तिनं "कडा कच्च्या आहेत" म्हणून परत तव्यावर पाठवल्या आहेत. नागपूरची आहे, जे असेल ते तोंडावर बोलते. अशा शेजारणीची सवय व्हायला मला वेळ लागला.

तिला वेड न्यूटचं. दिसायला पालीसारखा, पण बेडकाच्या गोतावळ्यातला हा प्राणी. आमच्या परसातल्या तळ्यापाशी ती भर पावसात छत्री धरून उकिडवी बसते. माझ्या नवऱ्याला, राकेशला, मात्र ते तळं डोळ्यांसमोर नको झालं होतं. इथल्या एका न्यूटच्या कातडीत जालीम विष असतं असं त्यानं वाचलं होतं, आणि आमची पाच वर्षांची केया दिवसभर तिथंच. मार्चमध्ये त्यानं तळं बुजवायला मातीचा ट्रक सांगितला.

भावना धावत आली. काठावर वाकून बराच वेळ पाण्यात बघत राहिली, मोबाइलवर फोटोही काढला.

"विषारी न्यूटची पाठ खरखरीत असते. यांची गुळगुळीत आहे. हे साधे सॅलमँडर आहेत बाप्पा, न्यूटचे भाऊबंद, काही करत नाहीत!"

राकेशनं ट्रक कॅन्सल केला. भावनाचा चेहरा असा फुलला की मला हसूच आलं.

त्याच संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. केया वरणभाताचा पहिला घास उचलणार, तोच दार धडधडलं. भावना उभी होती, चिंब भिजलेली, पायात घरातल्या सपाता.

"केयानं आज त्यांना हात लावला का?"

"येस मावशी, आय हेल्ड वन!"

भावनानं तिला ताटावरून उचललं, थेट सिंकपाशी नेलं आणि कोपरापर्यंत साबण चोळला. मग राकेशकडे वळली.

"माझं चुकलं. या दिवसांत विषारी न्यूटचे नर पाण्यात असतात, तेव्हा त्यांची पाठही गुळगुळीत होते. घरी फोटो मोठा करून बघितला, तर पोट नारिंगी. विषारीच आहे तो. पोटात गेलं तरच बाधतं, पण आपण हातानं जेवतो ना..." तिनं केयाचे हात टॉवेलनं पुसले. "ट्रक परत बोलवायचा असेल तर बोलवा."

नुसता "हात धुवा" एवढा फोन केला असता तरी भागलं असतं, आणि तळंही राहिलं असतं. मी तेवढंच केलं असतं. त्या क्षणी मला तिचा फार अभिमान वाटला.

राकेश उठला आणि त्यानं तिच्यासाठी ताट वाढलं. म्हणाला, "स्वतःची चूक सांगायला तू अशी धावत येतेस, तर राहू दे यार तळं."

दुसऱ्या दिवशी त्यानं तळ्याच्या काठी नळ बसवला, शेजारी साबण ठेवला. आता भावना जेवायला असली की केया आधी तिच्यासमोर दोन्ही तळवे धरते. भावना नखं बघून पास करते. परवा राकेशनंही मुकाट्यानं हात पुढे केले.

त्याला तिनं परत पाठवलं.