खंडेनवमीला धुतलेल्या नळ्या

चंपतरावानं धुतलेली काचेची नळी उन्हात धरली तर पलीकडचं नख दिसे. अमरावती रोडवरच्या एका शेतकी प्रयोगशाळेत त्यानं चोवीस वर्षं भांडी धुतली, आणि या एका कामात तो सायबाचंही ऐकत नसे.

एकाहत्तर साली रत्नागिरीच्या चारुशीलाबाई तिथं संशोधनाला आल्या, त्या पिशवीभर खाडीचा चिखल घेऊनच. चंपतरावानं नाक दाबलं. "बाई, हे काय घान आनली जी?"

"यातल्या जिवाणूंपासून पिकाचं औषध मिळेल, चंपतराव."

"समुद्राचं औषध न् संत्र्याले? मंग आमी झाडाले मीठ-भाकरच खाऊ घालतो ना!"

थट्टा केली खरी, पण काटोलकडं थोरल्या भावाचा, रुपरावचा, संत्र्याचा बगीचा डिंक्या रोगानं चालला होता. बुंध्याला डिंक सुटायचा, साल कुजायची, झाड उभंच्या उभं वाळायचं. बाईंनी मागितली म्हणून तिथली कुजकी साल चंपतरावानंच आणली. तिच्यातली बुरशी बाईंनी बशीत वाढवली आणि मधे चिखलातल्या एका जिवाणूचा ठिपका ठेवला. आठवड्यात बुरशी बशीभर पसरली, ठिपक्याभोवती मात्र चवलीच्या नाण्याएवढं मोकळं रिंगण राहिलं.

"हा जिवाणू काहीतरी सोडतो, बुरशी त्याला भिते," बाई म्हणाल्या. "ते काय आहे, ते शोधायचं."

त्याच रविवारी चंपतराव काटोलला गेला. "दादा, झाडं तोडू नोको. थांब."

रुपराव थांबला.

पुढच्या दसऱ्याला बाई आठ दिवस घरी निघाल्या. फ्रिज बिघडलेला. जिवाणूच्या चारच नळ्या होत्या, त्या त्यांनी कोपऱ्यात ओल्या पोत्यात गुंडाळल्या. "रोज पाणी शिंपडा. बाकी हात लावू नका."

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. चंपतरावाची हत्यारं म्हणजे काच. त्यानं कपाटं रिकामी केली, पोतंही उचललं. ओलीनं नळ्यांवरच्या चिठ्ठ्या गळून लगदा झाला होता, आत पिवळट बुळबुळ. हात चालत होते, डोकं पूजेत होतं. बाईंचं बोलणं आठवलं तेव्हा नळ्या सोड्याच्या पाण्यात खदखदत होत्या.

बाई आल्या, नवा चिखल घेऊन. चंपतराव म्हणाला, "रोज पानी मारलं बाई. गर्मीनं मरून गेले ते. बास मारून राह्यलं होतं, म्हनून धुतल्या."

बाई स्टुलावर बसल्या. "माझंच चुकलं. इथल्या उकाड्यात समुद्राचा जीव टिकायचा नाही." अहवालात त्यांनी तेच लिहिलं. नव्या चिखलाची पिशवी त्याच्या हाती देत म्हणाल्या, "टाकून द्या."

त्यानं टाकली. पुढं बाई कापसाच्या कामाला लागल्या, मग बदली होऊन गेल्या. रुपरावनं आणखी दोन हंगाम वाट पाहिली आणि बगीचा तोडला.

चौऱ्याऐंशीत रिटायर झाल्यावर चंपतरावानं हे सगळं भावाला सांगितलं. दोघं शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसले होते. समोर बगीच्याच्या जागी तूर होती.

"काहून लपवलं गा?"

"माह्या हातून कधी एक नळी फुटली नाही, दादा. बाईले कोन्त्या तोंडानं सांगू?"

रुपराव म्हणाला, "नळ्या चुकून धुतल्या, समजलं. पन तो दुसरा चिखल फेकला तवा तं ते गर्मीनं मेले नाही हे तुले मालूम होतं ना?"

चंपतरावाला मालूम होतं.