नावाखालचं ‘ऑनलाइन’

सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्या दुकानात तिला सगळे मावशी म्हणत. शिलाई ती तुरुंगात शिकली. भांडणात तिने नवऱ्याला ढकललं, तो जिन्यावरून गडगडत गेला आणि पुन्हा उठला नाही. मुलगा तेव्हा दुसरीत होता. त्याला आत्याने नेलं.

सुटून आल्यावर भावाने तिच्या हातात फोन ठेवला. “भाच्याचा नंबर घातलाय. पण घाई करू नकोस, ताई.”

घाई तिने केली नाही. फक्त नाव उघडलं. फोटोत दाढी फुटलेला, गॉगल लावलेला तरुण. तिने ओळखलं ते कानांवरून. तेवढ्यात नावाखाली ‘ऑनलाइन’ अशी अक्षरं उमटली. पोरगा आत्ता, या घटकेला, कुठेतरी फोन धरून बसला होता.

तेव्हापासून ती त्या अक्षरांच्या नादी लागली. अक्षरं गेली की जीव खालीवर, आली की जिवात जीव. भाजी करपायची, दूध उतू जायचं. दोन शब्द लिहायचं मात्र धाडस होईना. एकदा मशीन चालू, नजर फोनवर, आणि सुई नखातून आरपार गेली. मालकीणबाईंनी बोट बांधलं. “मावशी, कामावरून काढत नाही मी. पण आता माझ्याबरोबर चला.”

तुरुंगातून सुटलेल्यांसाठी एका जुन्या दवाखान्याच्या माडीवर केंद्र होतं. त्यांच्यातली फोनपायी कामधंदा सुटलेली माणसं तिथे गोल करून बसत. शेजारी एक ट्रकवाला होता, फोनवरच्या पत्त्यांच्या जुगारात बुडालेला. “पोलिसांनी धरलं तेव्हा वकील तरी मिळाला,” तो म्हणाला, “ह्याने धरलंय तर तोही नाही.” सगळे हसले. मावशीही हसली, कधी नव्हे ती.

“फोनमध्ये काय बघता, मावशी?” केंद्र चालवणाऱ्या ताईंनी विचारलं.

“तो आहे का, ते.”

“आणि आहे हे कळल्यावर?”

मावशी बोटावरची पट्टी चाचपत राहिली. “मग जाईल कधी, ह्याची धास्ती.”

ताईंनी फोन हिसकावला नाही. कामाच्या वेळी तो मालकीणबाईंच्या कपाटात ठेवायचा, एवढंच आधी ठरलं. सुरुवातीला फार जड गेलं. खिसा रिकामा असूनही फोन थरथरल्याचा भास होई. मग हळूहळू कामात विसर पडू लागला, आणि विसर पडला म्हणून तिला रडू फुटलं.

“पुन्हा टाकून आले त्याला, असं वाटतं.”

ताई म्हणाल्या, “नुसतं बघत बसण्यापेक्षा हाक मारा. नाही ओ दिली, तर आम्ही आहोत.”

तिथेच खिडकीशी उभं राहून तिने फोन लावला.

“हॅलो?” आवाज थेट बापाचा.

“मी... आई बोलतेय.”

पलीकडे घरघरणारं कसलंसं यंत्र बंद झालं.

“बोला,” तो म्हणाला. “कशा आहात तुम्ही?”

तुम्ही! “ए आई, ए आई” करून घर डोक्यावर घ्यायचा तो.

“बरी आहे. तू?”

“बरा.” मग थांबून, “आत्ता कामावर आहे. रविवारी मोकळा असतो.”

आता रविवारी ती फोन करते. तो कधी उचलतो, कधी नाही. बापाचं नाव दोघंही काढत नाहीत. अधूनमधून ती चोरून ती अक्षरं बघते, नाही असं नाही, ताईंना सांगतेही. गेल्या रविवारी तो अडखळत म्हणाला, “तुमचा फोटो पाठवाल? चेहरा आठवत नाही मला.”

ट्रकवाल्याने माडीच्या जिन्यात फोटो काढला. “हसा की, मावशी!” तिला काही हसू आलं नाही. तसाच पाठवला. मग दुकानात जाऊन तिने फोन मालकीणबाईंच्या हाती दिला, मशीनवर बसली आणि एका निळ्या कव्हराची शिवण धरली. दुपारभर तिने मान वर केली नाही.