बोर्ड मी बदलला, बोलणी रेहानाने खाल्ली

पेणकर मित्रांनो, नंतर शिव्या घाला, आधी पूर्ण वाचा.

आज रोह्याला एका कंपनीत सर्व्हरचा मदरबोर्ड बदलायला गेलो होतो. नवा बसवला, मशीन चालू केलं, तर एकही डिस्क दिसेना. बिलं निघेनात, गेटवर माल भरलेले ट्रक अडकलेले आणि मॅनेजर माझ्या डोक्यावर उभा.

तिथले कॉम्प्युटर रेहाना सांभाळते. मी तिच्यावरच चढलो. "डिस्क काढून उलटसुलट लावल्यास ना?"

"मी हात पण नाय लावला, सर."

"मग काय आपोआप गेल्या?" सगळं ऑफिस ऐकत होतं.

बाहेर येऊन चहाचा घोट घेतला आणि लक्षात आलं. नव्या बोर्डमध्ये जुन्या सेटिंग नसतात, त्या आपण परत टाकायच्या असतात. डिस्कची सेटिंग मीच टाकली नव्हती. ज्युनियर पोरांना हे मीच शिकवतो.

गुपचूप आत जाऊन सेटिंग टाकली. डिस्क दिसल्या. मॅनेजर खूश. "सर होते म्हणून वाचलो!" आणि रेहानाला, "यापुढे सर्व्हरला हात लावायचा नाय." मी खाली मान घालून स्क्रूड्रायव्हर बॅगेत भरत राहिलो.

परत येताना वडखळला गाडी बाजूला घेऊन तिला फोन लावला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "थँक्यू सर, तुमच्यामुळं माझी नोकरी वाचली."

आणि मी म्हणालो, "वेलकम."

उद्या परत रोह्याला जातोय. त्याच ऑफिसात, सगळ्यांसमोर बोलायला. माझा माझ्यावर भरवसा नाही, म्हणून इथे लिहिलं. संध्याकाळी विचाराल ना मला, बोललास का म्हणून?