रेकॉर्डची एक अख्खी बाजू

माझ्या दादाचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत लग्न असो, जयंती असो, निवडणुकीची सभा असो, भोंगे त्याचेच लागत. सत्तरचं दशक संपत आलं होतं. अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब कायमचं ऑस्ट्रेलियाला निघालं, तेव्हा दादाने त्यांच्याकडून जुन्या रेकॉर्डींचं खोकं उचलून आणलं. त्याला वरातीत वाजवायला सिनेमाची गाणी हवी होती. ती निघालीही. सगळ्यात खाली मात्र एक मोठी रेकॉर्ड होती, जिच्या कव्हरवर ना हिरो होता ना हिरॉईन. पाण्यात उतरत गेलेला एक दगडी जिना, बस्स.

मी बी.एस्सी.ला होते. कॉलेजातून आले की दुकानातच बसायची, तेवढीच घरच्या कामातून सुटका. मी म्हटलं, "लाव बरं."

दादाने लावली. आधी नुसता वारा वाहिल्यासारखा आवाज, मग चर्चमधल्या ऑर्गनचे लांबच लांब सूर, मग ड्रम. दादा कमरेवर हात ठेवून वाट पाहत उभा राहिला.

"गाणं केव्हा सुरू होते वं?"

"हेच गाणं असेल."

"मंग कोणी गाऊन काहून नाही राहिलं?"

गायला एक जण, पण फार उशिरा, तेही चार ओळी. पुन्हा वाद्यंच. रेकॉर्डवर गाणी वेगळी करणाऱ्या रेषा नव्हत्या; अख्ख्या बाजूवर एकच गाणं होतं. दादाला वाटलं, छापतानाच काही चुकलं असावं. तो काउंटरवर बोटांनी ठेका धरू लागला आणि दर वेळी अडखळू लागला. मी टाळी देऊ लागले, मीही अडखळले. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "अवं, आपण आठ मोजून राहिलो, हा सातातच वळून राहिला!" आम्ही सात धरून टाळ्या दिल्या आणि ते गाणं आमच्या हातात आलं. बाजू संपली तेव्हा बाहेर लग्नाचे भोंगे न्यायला आलेला माणूस कधीचा ताटकळत होता, हे आम्हा दोघांना कळलंही नव्हतं.

त्या बँडचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव सांगितलं की लोक लगेच तुमची पारख करायला बसतात.

बाबा गिरणीत कामाला होते आणि वस्तीतल्या जयंतीच्या गाण्यांच्या पार्टीत पेटी वाजवत. एका संध्याकाळी ते दुकानापुढे थांबले. "हे साहेबाचं गाणं तू काहून ऐकून राहिली? आपल्या गाण्याईत काय कमी आहे?"

"काहीच कमी नाही. पण बाबा, तुमची पेटी तरी कुठली? तीही साहेबाचीच ना?"

ते मोठ्याने हसले. आत येऊन स्टुलावर बसले आणि सगळं ऐकून म्हणाले, "वाजवते चांगला. पण लई घोळवते बाप्पा." तेवढी परवानगी मला पुरे होती. खरं तर ती नसती मिळाली तरी मी ऐकतच राहिले असते.

आमच्या कॉलेजात पाश्चात्त्य संगीताचं एक मंडळ होतं. सगळी मुलंच. मी रेकॉर्ड कापडी पिशवीत घालून त्यांच्या खोलीत गेले. मंडळाचा सेक्रेटरी सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यातला, बोलायला अगदी सभ्य. कव्हर पाहताच त्याने हात पुसून रेकॉर्ड बाहेर काढली. या बँडबद्दल त्याने फक्त मासिकात वाचलं होतं. त्याने रेकॉर्ड तिरपी धरून उजेडात पाहिली आणि विचारलं, "ही तुम्ही कशावर वाजवता?"

"दादाच्या मशीनवर. लग्नात लावतो तो."

"अरेरे. त्या सुईने हिची वाट लागेल. असं करा, ही मंडळाकडे ठेवा. इथे नीट राहील. तुम्ही येऊन ऐकत जा... म्हणजे मुलींना बसायची सोय झाली की."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणूनच जास्त लागलं. त्याला मनापासून वाटत होतं की ती वस्तू चुकून चुकीच्या घरी गेली आहे. मी रेकॉर्ड त्याच्या हातातून काढून घेतली. "ती आमच्याकडेच नीट आहे," म्हटलं, आणि बाहेर पडले. व्हरांड्यात माझी मैत्रीण उभी होती, काटोलच्या संत्र्याच्या व्यापाऱ्याची मुलगी, हॉस्टेलवर राहायची. ती म्हणाली, "आता गं?"

"आता सगळ्यांना ऐकवायची."

कॉलेजच्या गॅदरिंगला लाऊडस्पीकर दादाचाच होता. बक्षीस समारंभ झाला आणि नाटकाचा पडदा लावायचं काम सुरू झालं. एरवी त्या वेळात सनईची रेकॉर्ड लागायची. मी दादाला जिन्याचं कव्हर दिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, स्टेजकडे पाहिलं. "मार खाऊ घालशील मले," म्हणाला आणि लावली.

भर दुपारी, उघड्या मैदानावर, ऑर्गनचे ते सूर भोंग्यांतून सुटले. आमच्या दुकानात कधी असे ऐकू आले नव्हते. खुर्च्यांवरची कुजबुज थांबली. मग कुणी तरी मागून शिट्टी मारली, कुणी ओरडलं, "मशीन बिघडली रे!" बरेच जण चहाकडे वळले. पण काही जण जागच्या जागी उभे राहिले. सेक्रेटरी धावत मशीनजवळ आला आणि फिरणाऱ्या रेकॉर्डकडे पाहत राहिला. माझी मैत्रीण पहिल्या रांगेत उठून टाळ्या देत होती, दर वेळी चुकत होती, तरी देत होती.

प्राचार्यांनी शिपायाला पाठवलं. मी त्याला सांगितलं, संपल्यावर बंद करू. मग ते स्वतः आले.

"हे काय लावलंय?"

"गाणं आहे, सर."

"कधी संपणार?"

"बाजू संपली की."

त्यांनी आवाजाच्या बटणाकडे हात नेला. मी माझा हात बटणावर ठेवला. का, कसा, माहीत नाही. पण तो मी काढला नाही. "सर, सकाळपासून इतकी भाषणं झाली. एकही आम्ही मध्येच बंद केलं नाही."

मागे हशा पिकला. प्राचार्य लालबुंद झाले आणि निघून गेले. गाणं शेवटपर्यंत वाजलं. संपलं तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. संपलं की अजून बाकी आहे, हेच कुणाला कळेना.

दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावणं आलं. ते धुतलेला पांढरा शर्ट घालून आले. प्राचार्यांनी खुर्ची दिली, पण सूर कडक होता. मुलीने बेशिस्त केली, तिने माफी लिहून द्यावी.

बाबांनी मला विचारलं, "शिवीगाळ केली तू?"

"नाही."

"मंग माफी कशाची, साहेब?"

"असलं संगीत आपल्याकडे चालत नाही," प्राचार्य म्हणाले. "तुमच्या मुलीला तर मुळीच शोभत नाही."

बाबा उठले. आवाज न चढवता म्हणाले, "काय चालते, काय शोभते, हे लोकाईनं आम्हाले लई सांगितलं. छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासून ते ऐकणं आम्ही सोडून देलं." आणि मला म्हणाले, "चाल वं, तुझा तास असंल."

माफी मी लिहिली नाही. पुढच्या गॅदरिंगला दादाचे भोंगे नव्हते आणि मलाही आत येऊ दिलं नाही. मैत्रीण फाटकाबाहेर माझ्यासोबत शेंगा खात बसली.

पण मैदानावर उभे राहिलेले ते काही जण दुकान शोधत आले. रविवारी दुपारी दादा शटर अर्धं ओढून घ्यायचा आणि आम्ही वायरींच्या वेटोळ्यांवर बसून ती बाजू ऐकायचो. एका रविवारी सेक्रेटरी दारात येऊन अवघडून उभा राहिला. मी म्हटलं, "ठेवायला देणार नाही. ऐकायचं असेल तर बसा." तो बसला. पुढे मुंबईहून त्या बँडच्या आणखी रेकॉर्डी त्यानेच आणल्या.

ऐंशी उलटल्यावर त्यांची नवी रेकॉर्ड आली. छोटी छोटी गाणी, नाचायला बरी अशी. सेक्रेटरीने पहिलंच गाणं ऐकून सुई उचलली. "विकले गेले साले. आपला बँड संपला."

"सुई खाली ठेवा," मी म्हटलं.

"तुम्हाला आवडलं हे?"

"अजिबात नाही. पण त्यांनी काय वाजवायचं, हे आपण कोण सांगणार? पूर्ण ऐकू या, मग शिव्या देऊ."

तो कुरकुरला. दादा हसला. मी स्वतः सुई ठेवली आणि सगळ्यांना दोन्ही बाजू ऐकायला लावल्या. ती रेकॉर्ड मला आजही आवडत नाही.