आइसक्रीमची मशीन बोलली का?

भिलाईच्या पोलाद प्लांटची लाल धूळ आमच्या कॅन्टीनच्या खिडकीत कशी साचते, ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. सकाळी ओल्या फडक्यानं पुसावी, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोटानं नाव लिहिता येईल एवढी पुन्हा हजर! कॅन्टीनचे किस्से तसेच. कोणी जमवत नाही, आपोआप साचतात. दुर्गला घरी गेले की मैत्रिणी घेरतात, "सांग ना गं, तुमच्या त्या मशीनचं काय झालं?" मी सांगते, त्या पोट धरून हसतात. मला मात्र सांगताना पुरतं हसू येत नाही.

मशीन म्हणजे आइसक्रीमची मशीन. रशियन इंजिनियर लोकांसाठी ती जहाजातून आली होती. त्यांच्याकडे नवी आली तेव्हा ही जुनी आमच्या कॅन्टीनच्या वाट्याला आली. कपाटाएवढी उंच, पांढरी, पोटावर लाल अक्षरांची पाटी. फटीत पितळी टोकन टाकायचं, खालच्या कोनाड्यात कप धरायचा, की आइसक्रीम आपोआप कपात! व्याकरणाच्या पुस्तकात मशीन नपुंसकलिंगी असेल, आमच्याकडे ती 'ती'च होती.

तिचे ऑपरेटर लांजेवारकाका. भंडाऱ्याकडचे, शेती सोडून आलेले, दमा लहानपणापासूनचा. भट्टीच्या उष्णतेत त्यांना उभंच राहवेना, तेव्हा डॉक्टरांनी जड कामाला नापास केलं. नेमकी त्याच सुमारास मशीन आली, म्हणून ही हलकी ड्यूटी निघाली. मशीन आहे तोवर ड्यूटी, ड्यूटी आहे तोवर सेक्टर सहामधलं क्वार्टर. हे त्यांना ठाऊक होतं, आम्हालाही.

निकामी मालाला आमच्याकडे 'कंडम' म्हणतात. वॅगन कंडम, पंखा कंडम, नापास झालेला माणूसही कंडम. काका म्हणायचे, "मी त आधीच कंडम हाव, ताई. हिले नाई होऊ देत!"

*

माझा पहिला दिवस. मी बी.ए., टेम्पररी क्लार्क. टोकनं विकायची आणि हिशेब लिहायचा. माझं टेबल हॉलच्या कोपऱ्यात, मशीनच्या खोलीच्या दाराला लागून. मला लहानपणापासून दचकायची सवय. घरी कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या हातातलं पुस्तक पडतं!

त्या दिवशी इन्स्पेक्शनचे साहेब आले होते. पुण्याकडचे, पांढराशुभ्र शर्ट, गमत्या स्वभावाचे. माझ्या टेबलाशी उभे राहून विचारत होते, "काय मिस, जमेल ना इथे?" मी "हो सर" म्हणायला तोंड उघडलं आणि आतून आवाज आला, धाड्!

मशीन सुरू होताना तिची मोटर जागेवर उडी मारायची, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी खुर्चीसकट मागे. दौत पुढे. साहेबांच्या बाहीवर निळ्या शाईचा भारत, लंकेसकट!

साहेब हसले, पण जाताना तिवारीजींना, म्हणजे आमच्या मॅनेजरना, माझ्यादेखतच म्हणाले, "प्लांटमध्ये दचकणारं माणूस म्हणजे धोका. पुन्हा असं दिसलं तर पर्मनंटचं विसरायचं. घरी पाठवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आतून खोकल्याचा आवाज आला आणि मागोमाग लांजेवारकाकांची हाक, "ताई, चालू करून राहिलो!"

मी टेबल घट्ट धरलं. धाड्! दौत जागेवर.

तेव्हापासून रोज. त्यांना दम लागलेला असो, बोलवत नसो, हाक दिल्याशिवाय खटका कधी दाबला नाही. कोणी हसलं तर म्हणायचे, "रेल्वेबी शिटी देल्याबिगर निंगत नाई, मंग माही मशीन कावून निंगन?"

*

तो धडाका दूरवर ऐकू जायचा. शिफ्ट सुटली की लोक सायकली हातात धरून गेटाशी थांबायचे आणि एकमेकांना विचारायचे, "मशीन बोलली का?" बोलली की रांग कॅन्टीनकडे, नाही बोलली की रांग सुपेल्याच्या बाजारातल्या चहाकडे. आवाज नाही म्हणजे मशीन बंद, हे सगळ्या भिलाईनं धरूनच ठेवलेलं!

*

मग एकदा टोकनांचा हिशेब जुळेना. मी विकलेली टोकनं थोडी आणि गेलेलं आइसक्रीम जास्त! रडकुंडीला आले. काकांनी मशीनचं पोट उघडलं, तर आत टोकनांबरोबर लोखंडी वॉशर! प्लांटमध्ये एका मापाचे वॉशर पोत्यानं मिळतात आणि ते मशीनच्या फटीत अगदी नेमके जात होते. खुर्सीपार वस्तीतली पोरं फुकट आइसक्रीम खात होती.

तिवारीजी भडकले, "पुलिस बुलाओ!"

काका मात्र तिथंच फतकल मारून वॉशर निवडत बसले. मशीनचे सगळे वॉशर झिजले होते, कितीदा मागणी करूनही मिळत नव्हते. त्यातलाच एकेक उचलून त्यांनी सगळीकडे बसवला. मशीन गळायची थांबली.

"साहेब," ते तिवारीजींना म्हणाले, "आजपावतर हिच्या दवापाण्याले पैसा देला तो या चोट्ट्यायनंच!"

*

पोटावरच्या लाल पाटीची गोष्ट वेगळीच. ती अक्षरं कोणाला वाचता येत नव्हती. कोणी म्हणे कारखान्याचं नाव, कोणी म्हणे त्यांच्या देवाचा मंत्र. खंडेनवमीला काकांनी पाटीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग रोजच सकाळी बोटभर कुंकू. दोन वर्षांत पाटीवर कुंकवाचा थर!

एकदा रशियन साहेबांचा दुभाषी चहा प्यायला आला. त्यानं नखानं कुंकू खरवडलं, वाचलं आणि हसत सुटला.

"क्या लिखा है?" तिवारीजींनी हात जोडूनच विचारलं.

"लिखा है, हर तीन महीने में तेल बदलिए."

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तरी म्हटलं, पावून कावून नाई राहिली!"

*

तेल बदललं, पण उशीर झाला होता. मग पट्टा तुटला. नवा पट्टा कुठे मिळेना, ते मॉडेलच बंद झालेलं. कलकत्त्याच्या एका दुकानदारानं कळवलं की पट्टा बनवून देऊ, पण सोबत अख्खी मोटर घ्यावी लागेल. किंमत ऐकून तिवारीजी खाली बसले. "इससे तो गाय पालना सस्ता है! दूध भी देगी!"

काका सायकल काढून सुपेल्याला गेले. पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब आणली, कापली, शिवली, चढवली. मशीन चालली! फक्त चार दिवस आइसक्रीमला रबराचा वास.

रांगेतल्या एकानं कप नाकाशी धरला. "काका, आज कोणता फ्लेवर होय?"

"सायकल," काका शांतपणे म्हणाले. "पायडल मारत मारत खाय!"

सगळे हसले. काकांना हसताना ढास लागली, ती बराच वेळ थांबेना. पाणी द्यायला मी उठले, तर हातानंच नको म्हणाले. दुसऱ्या हातानं पट्टा चाचपत होते.

*

काकांचा डबा काकूच आणून द्यायच्या. दारातूनच विचारायच्या, "आज तब्येत कशी हाय तिची?" मला वाटायचं, घरी एखादी मुलगी आजारी आहे. मी एकदा म्हटलं, "काकू, मुलीला दवाखान्यात का नेत नाही?"

काकू माझ्याकडे पाहतच राहिल्या. "पोरी ठीक हायेत माह्या. मी मशीनीचं इचारून राहिली, बाई."

एका संक्रांतीला त्यांनी मला क्वार्टरवर बोलावलं. दोन खोल्या, झाडूनपुसून लख्ख. पण देवाचे फोटो जमिनीवर भिंतीला टेकवलेले, आरसा खिडकीत, कपडे दोरीवर. भिंतीला एकही खिळा नाही!

"का हो काकू?"

"उद्या सोडा लागलं त भोकं कोन बुजवन?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

*

आता पाहुण्यांचा किस्सा. बाहेरगावचे कोणी बडे पाहुणे प्लांट बघायला येणार होते आणि 'ऑटोमॅटिक आइसक्रीम' त्यांच्या कार्यक्रमात होतं. नेमकी त्या सकाळी मशीन मेली. काकांनी हाक दिली, मी टेबल धरलं, पण आवाजच नाही!

तिवारीजींनी डोकं चालवलं. सुपेल्याहून हातानं फिरवलेलं आइसक्रीम डब्यातून आणवलं. काकांना मशीनच्या मागे बसवलं. टोकन पडलं की मागच्या झडपेतून हात घालून कपात आइसक्रीम सोडायचं!

पाहुण्यांनी टोकन टाकलं. कप भरला. टाळ्या! दुसरं टाकलं. कप भरला. तिसरं टाकलं आणि मशीन खोकली.

पाहुणे दोन पावलं मागे सरले. "ये मशीन खाँसती है?"

तिवारीजी घाम पुसत म्हणाले, "सर, पुरानी है. थोड़ा सर्विसिंग माँगती है."

मशीन पुन्हा खोकली. या वेळी जास्त. पाहुणे निघून गेले, पण सोबत होते आमचे इन्स्पेक्शनचे साहेब. ते वळून मशीनच्या मागे गेले, काकांना बघितलं, तोंडाला रुमाल लावून हसले आणि जीपमध्ये बसले.

ही गोष्ट त्यांनी नंतर महिनाभर क्लबात सांगितली म्हणे!

*

मशीन चार दिवसांत दुरुस्त झाली. धाड्ही परत आली. एका सकाळी काकांचा दम इतका भरला होता की हाक तोंडातच राहिली आणि खटका दाबला गेला. माझ्या हातात उकळता चहा होता. मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले. मी ओढणीखाली हात लपवला. तिवारीजींनी पाहिलं असतं तर साहेबांपर्यंत गेलं असतं.

काकांनी पाहिलं.

पुढच्या सोमवारी हाक आली, "ताई, चालू करून राहिलो!" मी डोळे मिटून टेबल धरलं. धरूनच राहिले. आवाज येईना. बराच वेळ झाला आणि मी त्या शांततेलाच दचकले!

आत जाऊन पाहिलं, तर मशीन चालू! जेमतेम घुरघुर, झोपलेल्या मांजरीएवढी. मोटरच्या चारी पायांखाली काकांनी ट्यूबच्या घड्या घातल्या होत्या, रविवारी येऊन.

"आता हाक कशाला देता मग?" मी विचारलं.

"आदत झाली, ताई."

त्या दिवशी मात्र एकही गिऱ्हाईक आलं नाही. गेटावरून सगळे सुपेल्याला गेले. मशीन बोललीच नव्हती ना!

*

आणि नेमकं त्याच आठवड्यात ते घडलं. जुन्या मालाची तपासणी निघाली. काय ठेवायचं, काय कंडम करायचं, ते साहेब जागेवर येऊन ठरवणार. काका आदल्या दिवसापासून मशीन पुसत होते. काकूंनी धुतलेला शर्ट आणून दिला आणि दारातच उभ्या राहिल्या. "तब्येत कशी हाय?" काका म्हणाले, "फस्क्लास!"

साहेब आले. तेच. हॉलमधल्या पहिल्या टेबलाशी बसले. तिवारीजींनी चहा ठेवला. साहेब म्हणाले, "हं, लांजेवार, होऊ दे तुझा धडाका!"

काका आत गेले. हाक आली. मी सवयीनं टेबल धरलं. साहेबही कान देऊन बसले, तिवारीजीही. आवाज नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. चहाचा घोट घेतला.

काका बाहेर आले, ताटात कप घेऊन. पांढरंशुभ्र, वाफा निघत होत्या थंडीच्या. इतकं सुरेख आइसक्रीम त्या मशीननं आधी कधी केलं नव्हतं.

साहेबांनी चमचाभर खाल्लं. मग आणखी एक. "वा! सुपेल्याहून आणलंस?"

"नाई साहेब, मशीनीचं हाय."

"आवाज कुठं झाला?"

"चालू हाय साहेब. पाहून घ्या ना आतमदी."

"अरे, ते पाहणं आम्ही मागच्या खेपेला पाहिलं!" साहेब खदखदून हसले. तिवारीजीही हसले. चहा गरम होता, साहेब काही उठले नाहीत. "खरं सांग, आवाजाचं काय केलंस?"

"काढून टाकला, साहेब."

"का बरं?"

काका ताटाची कड पुसायला लागले.

"का, म्हणतो मी?"

"दचकते ना साहेब मानूस."

साहेबांचं हसू थांबलं. "कोण दचकतं?" असं म्हणत त्यांनी मान वळवली आणि ते हॉलभर बघायला लागले. टेबलं, खिडकी, मग माझा कोपरा. माझे दोन्ही हात अजून टेबलाला घट्ट धरलेले होते.

"मी," लांजेवारकाका म्हणाले. "मीच दचकतो, साहेब."

"ऑपरेटर? स्वतःच्या मशीनला?"

"हो साहेब."

साहेबांनी मान हलवली. पेनाचं टोपण काढून मशीनपुढे 'कंडम' लिहिलं. मग पेन तसंच धरून विचारलं, "नाव काय म्हणालास? लांजेवार?"

काकांनी पूर्ण नाव सांगितलं. बापाचं, गावाचंही. मग ताट उचललं आणि आत गेले.

आतून खोकल्याचा आवाज आला आणि मागोमाग हाक,

"ताई, बंद करून राहिलो!"