उदगीरच्या फोटोतली खुर्ची

नांदेड स्टेशनवर उतरलो आणि सवयीने मागे वळून म्हणालो, "पिशवी दे इकडे." मागे कुणी नव्हतं. बायको गेल्यानंतरचा हा माझा पहिला प्रवास.

निमित्त एका पत्राचं. रहीमचाचा हे उदगीरचे घडीसाज (घड्याळं दुरुस्त करणारे). जुन्या फोटोंवरचा माझा लेख वाचून त्यांनी लिहिलं होतं, 'अब्बांचा लहानपणचा फोटो विटत चाललाय. येऊन बघाल का?'

मुखेडच्या अलीकडे बस पंक्चर झाली. पाऊस दोन वर्षं आला नव्हता. ओढ्यात नुसती वाळू, आणि वस्तीपाशी टँकरची वाट बघत मांडलेले रिकामे हंडे. शेजारचा प्रवासी म्हणाला, "आमचा लातूर जिल्हा येगळा झालाय आता. पाट्या नव्या आल्या, पाणी न्हाई." एवढं बोलून तो लिंबाखाली जाऊन आडवा झाला. तासभर मी एकटाच रस्त्याकडे बघत बसलो.

चाचा दुकानामागच्या खोलीत एकटेच राहत. आधी त्यांनी जेवू घातलं. भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची आमटी). मग भिंतीवरचा फोटो काढला. शंभरेक वर्षांपूर्वी हैदराबादच्या स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि बाग. मधोमध काळ्या कापडाने झाकलेल्या खुर्चीवर जरीची टोपी घातलेलं वर्षाचं मूल.

"हे अब्बा," चाचा म्हणाले. "लातूरच्या फोटोवाल्याला नवा करायला देणार हाय. तो म्हणतो, खुर्ची लई बेढब हाय, कापून टाकू. तोंड तेवढं मोठं करू."

मी फोटो दारातल्या उजेडात नेला आणि त्यांचं भिंग मागून घेतलं. फोटोतला उजेड डावीकडच्या मोठ्या खिडकीतून आलेला होता. मुलाच्या गालावरून तो मऊ उतरत होता. पण मागे, जिथे खुर्चीची सपाट पाठ हवी, तिथेही तो गोलाईवरूनच उतरत होता. खुर्चीला हात नव्हते, पाय नव्हते. आणि मुलाच्या कमरेपाशी, कापडाच्या चुणीतून, दोन बोटं बाहेर आली होती.

"चाचा, ही खुर्ची नाही. बाई आहे. तेव्हा फोटोला बराच वेळ हलून चालत नसे. मूल निवांत बसावं म्हणून आई त्याला मांडीवर घ्यायची, आणि तिच्यावर कापड टाकायचे. पण ही आईच आहे की दाई, ते मला सांगता येणार नाही."

चाचांनी भिंग डोळ्याला लावलं. मग त्यांनी स्वतःचा हात माझ्यापुढे धरला. करंगळी फोटोतल्या एका बोटासारखीच आत वळलेली होती.

"अब्बाची बी अशीच होती," ते म्हणाले. "ही दादी हाय."

त्यांनी फोटो मांडीवर घेतला.

"अब्बा दोन वर्षांचे व्हते तवा ती गेली. जन्मभर म्हणायचे, अम्मीचा एक बी फोटो न्हाई. याच फोटोखाली बसून जेवायचे." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "चेहरा दिसंल का, साहेब?"

"नाही. कापड जाड आहे."

"हाव." त्यांनी काच बाहीने पुसली. "मग कापायचा न्हाई आता. अब्बाला कोणीतरी सांगाया पायजे होतं."

संध्याकाळी त्यांनी मला स्टँडवर सोडलं. बस हलेपर्यंत ते खिडकीपाशी उभे होते.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो, कुलूप काढलं. ही गोष्ट बायकोला फार आवडली असती. मध्ये दहा प्रश्न विचारले असते, चेहरा का नाही दिसत म्हणून माझ्यावरच चिडली असती. मी चपलाही न काढता टेबलाशी बसलो आणि तिच्याऐवजी तुम्हा वाचकांसाठी लिहायला घेतलं.