गढीच्या पायथ्याचे रोडगे

शेजारच्या कारकुनाबरोबर पुन्हा सहलीला जायचं नाही, असं मी दर सोमवारी ठरवायचो आणि रविवारी त्याच्या बायकोपोरांसोबत त्याच्याच बैलगाडीत बसलेला असायचो. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होती. मी नुकताच पुण्याहून वर्ध्याच्या शाळेत आलो होतो आणि मला हा मुलूख हिंडून पाहायचा होता. या माणसाला मात्र कुठंही गेलं तरी फक्त सावली दिसायची. सावली दिसली की गोवऱ्या पेटवायच्या, निखाऱ्यांत कणकेचे रोडगे भाजायचे, वांग्याच्या भाजीशी हाणायचे आणि आडवं व्हायचं.

"काऊन घाई करता, मास्तर? गढी का पळून राह्यली?"

पवनारलाही तेच झालं, तेव्हा मी चिडून एकटाच गढीवर गेलो. पडके बुरूज, खाली धाम नदी, मातीतून डोकावणारी एक मूर्ती, सगळं मन भरेपर्यंत पाहिलं. उतरलो तेव्हा दिवस मावळत होता. बाकीच्यांना त्यानं गाडीतून घरी धाडलं होतं आणि स्वतः राखेजवळ उपाशी बसला होता. राखेत दोघांचे रोडगे गरम ठेवले होते.

"तुमाले सोडून कसा जेवू मी?" तो माझ्यावरच खेकसला.

मग आम्ही वर्ध्यापर्यंत पायी आलो. वाटभर त्याचं एकच, भाजीत तिखट कमी पडलं. गढीवर काय पाहिलं, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. मी संतापून झपाझप पुढं चालत होतो.

पुढच्या रविवारी गोवऱ्या मीच गाडीत टाकल्या.